विहिरीला खारं लागलं. सुपारी ठेवू की काढू?

पत्राचा सारांश : रायगड किनाऱ्यावरच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांची वाडी समुद्रापासून चारशे पावलांवर, पुळणीच्या (वाळूच्या) जमिनीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुनी सुपारी जवळजवळ सगळी आडवी झाली, माडांपैकी सात उरले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी साठ पोफळी (सुपारीची झाडं) नव्याने लावल्या. विहीर जुनीच, पण वादळानंतर ती आणखी खोल केली आणि तिच्यावर दोन एचपीचा पंप बसवला. आता दर उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. घरातल्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) जानेवारीत ६००, मार्चमध्ये १४०० आणि मेच्या पहिल्या आठवड्यात २३०० असे आकडे आले. पोफळीच्या पानांची टोकं करपली आहेत, हापूसच्या सहा कलमांची पानं कडेने तपकिरी झाली आहेत, वांगी-मिरची खुरटली आहे. सासूबाई म्हणतात, माडाला मीठ मानवतं, आपली वाडी पहिल्यापासून याच पाण्यावर आहे. दीर म्हणतात, बोअर मारू. दुकानदाराने जिप्सम आणि ‘खार काढणारं औषध’ सुचवलं आहे. ताईंच्या मनात मात्र सुपारी काढून नुसते माड लावावेत असं आहे. शेवटी त्यांनी विचारलं आहे, ‘आमची जमीन कायमची मेली का?’

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, जमीन मेलेली नाही. राजस्थानात किंवा उसाच्या काळ्या, निचरा नसलेल्या रानात हाच प्रश्न कोणी विचारला असता तर इतक्या ठामपणे सांगता आलं नसतं. तुमच्याकडे वाळू आहे आणि वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस आहे. जितक्या खोलीची माती धुवायची तितक्या उंचीचं गोडं पाणी तिच्यातून आरपार गेलं, तर सुमारे ऐंशी टक्के मीठ खाली निघून जातं, असा ढोबळ नियम आहे. पोफळीची बहुतेक मुळं वरच्या मीटरभरात असतात, आणि हजार मिलिमीटर पाऊस तुमच्याकडे जुलैअखेर होऊनही जातो. म्हणजे दर पावसाळ्यात तुमच्या जमिनीचं मिठाचं खातं बरंचसं कोरं होतं. जमा होतं ते फेब्रुवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, साधारण १२० दिवसांत. म्हणून सुपारी ठेवायची की काढायची यावर भांडण्याआधी, या १२० दिवसांत किती मीठ आत येतं आणि गोडं पाणी कोणाच्या वाट्याला जातं, हे बघायला हवं.

त्यासाठी आधी मीटरची खात्री करा. किचनच्या डिजिटल काट्यावर पाच ग्रॅम मीठ मोजा आणि पाच लिटर फिल्टरच्या किंवा पावसाच्या पाण्यात विरघळवा. मीटरने हजाराच्या आसपास, अधिक त्या पाण्याचा मूळ आकडा, दाखवला पाहिजे. शे-दीडशेचा फरक चालेल. चारशेचा असेल तर तुमचे सगळे आकडे त्या प्रमाणात सुधारून घ्या. शेतीच्या पुस्तकांत टीडीएसऐवजी विद्युतवाहकता, म्हणजे ईसी असते. घरगुती मीटर बहुधा ईसीच मोजतात आणि तिला निम्मं करून टीडीएस दाखवतात. म्हणून तुमचा आकडा दुप्पट करून हजाराने भागला की ईसी मिळते. जानेवारीत १.२, मार्चमध्ये २.८, मेमध्ये ४.६. सिंचनाच्या पाण्यासाठी जगभर वापरली जाणारी ढोबळ वाटणी अशी, की ०.७ पर्यंत निर्धास्त, ०.७ ते ३ पर्यंत जपून, ३ च्या वर फक्त खारं सोसणाऱ्या झाडांना. तुमची विहीर जानेवारीतच ‘जपून’मध्ये असते आणि एप्रिलमध्ये ती रेघ ओलांडते.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘अजून चवीला लागत नाही, म्हणजे पाणी बरं आहे’ असं तुम्ही जानेवारीबद्दल लिहिलं आहे. जिभेला खारटपणा साधारण लिटरला अडीचशे मिलिग्रॅम क्लोराइड झाल्यावर कळू लागतो. नाजूक झाडांना त्याच्या निम्म्यालाच त्रास सुरू होतो. जिभेच्या आधी घेवड्याला कळतं.

आता मेचा २३०० चा आकडा घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. त्या मानाने तुमच्या विहिरीत मेमध्ये शंभर लिटरमागे जेमतेम सहा लिटर समुद्र आहे. ऐकायला काहीच नाही. पण पोफळीला दिवसाला १८ लिटर पाणी आणि चार महिन्यांची सरासरी लिटरला दीड ग्रॅम धरली, तर दिवसाला २७ ग्रॅम होतात. १२० दिवसांत सव्वातीन किलो. म्हणजे प्रत्येक पोफळीच्या आळ्यात आपण मिठाच्या तीन पुड्या फोडून ओततो आणि वर थोडंसं मीठ भुरभुरवतो. पाणी पानांतून उडून जातं, मीठ तिथेच राहतं.

हे मीठ दोन वेगवेगळ्या वाटांनी मारतं, आणि उपायही म्हणून दोन प्रकारचे लागतात. काकडीच्या कोशिंबिरीत आधीच मीठ घातलं की वाडग्यात पाणी सुटतं, तेच मुळांबाबत घडतं. मातीतलं पाणी खारट झालं की मुळाला ते ओढून घ्यायला जास्त जोर लागतो. माती ओली दिसते आणि झाड तहानलेलं राहतं. हा परिणाम त्याच दिवशी सुरू होतो आणि गोडं पाणी मिळालं की सुटतोही. त्यात माती वाळू लागली की भर पडते, कारण ओल निम्मी झाली तर उरलेलं पाणी दुप्पट खारट होतं. दुसरी वाट हळू आहे. पाण्याबरोबर थोडं थोडं सोडियम आणि क्लोराइड वर जातं, पानातून फक्त वाफ बाहेर पडते, आणि पानाचं टोक हे त्या झाडाचं मिठागर होतं. (आपल्याकडे नारळी-पोफळीच्या बागेलाही आगर म्हणतात आणि मिठाच्या कोंडींनाही, हा योगायोग अशा वेळी जरा बोचतो.) जुन्या पानांनी जास्त दिवस पाणी ओढलेलं असतं, म्हणून आधी तीच करपतात. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. त्यामुळे उपाय केल्यावर जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नका, मधून येणारा सुईसारखा नवा कोंब बघा.

पण सगळं करपणं मिठाचंच आहे का? तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ‘पश्चिमेकडच्या ओळी जास्त खराब आहेत.’ तुम्ही ती समुद्राच्या बाजूची म्हणून मिठाच्या खात्यावर टाकली आहे. मला शंका वेगळी आहे. वादळाआधी या पोफळी उंच माडांच्या सावलीत वाढल्या असत्या. आता सावलीच नाही. पोफळीला नैर्ऋत्येकडचं दुपारचं ऊन भाजतं, आणि त्या बाजूच्या पानांवर व खोडावर आधी सोनेरी, मग तपकिरी चट्टे पडतात. मिठाने करपतं ते सगळ्या बाजूंच्या जुन्या पानांचं टोक आणि कड. उन्हाने करपतो तो उन्हाकडच्या पानांचा मधला भागसुद्धा. तिसरी शक्यता पालाश (पोटॅश) कमी पडल्याची. त्यातही जुनी पानंच टोकाकडून वाळतात, पण आधी त्यांच्यावर पिवळे-नारिंगी ठिपके येतात. पाच पोफळी निवडा, प्रत्येकीचं सगळ्यात खालचं पान चारही बाजूंनी बघा. ऊन हे कारण निघालं तर खोडाच्या नैर्ऋत्य बाजूला गळलेल्या विऱ्या (पोफळीच्या पानांचे रुंद देठ) किंवा झावळ्या सुंभाने बांधा. सावलीसाठी केळ लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि एरवी तो चांगला आहे. तुमच्याकडे नको, केळीला खारं पाणी मुळीच सोसत नाही.

मातीचीही परीक्षा घरी होते. खोडापासून हातभर अंतरावर वरची वीतभर माती आणि तिच्याखालची वीतभर माती वेगवेगळी घ्या, सावलीत वाळवा. वीस ग्रॅम माती शंभर मिलिलीटर डिस्टिल्ड पाण्यात (बॅटरीचं चालतं) घालून तासभर अधूनमधून हलवा, निवळू द्या आणि वरच्या पाण्यात मीटर बुडवा. आलेला आकडा दुप्पट करून हजाराने भागा, मग पुळणीच्या मातीसाठी चौदाने गुणा. समजा मीटरने १५० दाखवले, तर ०.३ गुणिले १४, म्हणजे मुळांभोवतीच्या पाण्याची ईसी सुमारे ४.२. अंदाजच आहे, पण मे आणि ऑगस्ट असे दोन अंदाज शेजारी ठेवले की पावसाने किती धुतलं ते डोळ्यांना दिसतं.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. माड क्लोराइड खातो, त्याला ते पोषक आहे. जांभ्याच्या कठीण जमिनीत माडाच्या खड्ड्याच्या तळाशी लावणीआधी सहा महिने दोन किलो मीठ टाकायची शिफारसही आहे, तळ मऊ पडावा म्हणून. तुमचे सात माड हे पाणी पचवतील. एखाद्या उन्हाळ्यात फळ जरा बारीक येईल, इतकंच. पण माडाच्या नावावर पोफळीला आणि हापूसला मीठ पाजता येत नाही. आणि ‘पहिल्यापासून याच पाण्यावर’ हेही तपासून बघा. विहीर तीच असली तरी पाणी तेच नाही. त्यांच्या काळी रहाट होता, विहीर उथळ होती, आणि रहाटाने एका दमात विहिरीचा तळ गाठता येत नसे.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची, त्याच्या सुमारे चाळीसपट खोल तो गोडा थर, असा त्याचा तोल आहे. वरची पातळी हातभर उतरली की खालचं खारं पाणी चाळीस हात वर यायला बघतं. लगेच येत नाही, पण निघतं. आणि पंपाने एकाच जागी जोरात उपसा केला की विहिरीच्या बरोबर खाली खाऱ्या पाण्याचं वारूळ उभं राहतं. तुम्ही विहिरीचा तळ त्या वारुळाच्या दिशेने नेलात आणि वर दोन एचपीचा पंप लावलात.

हे तुमच्या बाबतीत खरं आहे का, ते एका सकाळीत कळेल. रात्रभर विहीर निवांत राहू द्या. पंप सुरू केल्या केल्या पाणी मोजा, मग दर पंधरा मिनिटांनी, तासभर. आकडा चढत गेला तर पंप दोषी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहिला तर गोडा थरच पातळ झाला आहे, आणि त्यात आजूबाजूच्या वाड्यांच्या पंपांचाही वाटा असणार. हीच मोजणी एकदा उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (लहान भरतीला) करा. उधाणाला आकडा उडी मारत असेल तर भरतीचं पाणी एखाद्या वहाळातून (ओढ्यातून) किंवा फुटक्या बांधावरून आत येतंय का, ते आधी शोधा. तिथे विहिरीवर काहीही करून उपयोग नाही.

पंप दोषी निघाला तर उपाय स्वस्त आहे. तुमची गरज दिवसाला दीड-दोन हजार लिटर, तिला अर्ध्या एचपीचा पंप पुरतो. पंधरा मिनिटं चालवायचा, तासभर थांबायचं, असं करत टाकी भरायची. टायमर लावला तर कोणी उभं राहावं लागत नाही. आणि फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) तळाशी ठेवू नका. हवाबंद प्लॅस्टिकच्या कॅनला बांधून तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली तीन फुटांवर तरंगता ठेवा, म्हणजे वरचं, त्यातल्या त्यात गोडं पाणी येतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तो फूटभरावरच बांधणं. पाणी भोवरा करतं, पंप हवा ओढतो आणि सील जळतं. विहिरीचा नव्याने खोल केलेला भाग वाळूने परत भरून घेण्याचाही विचार करा. पैसे देऊन खणलेलं पैसे देऊन बुजवायला जीवावर येतं, हे कबूल.

बोअरबद्दल दिरांना हे चाळीसपटीचं गणित समजावून सांगा. समुद्रापासून चारशे पावलांवर खोल जाणं म्हणजे खाऱ्याच्या जवळ जाणं. पहिले काही महिने गोडं पाणी लागेलही, आणि तेवढ्याने सगळ्यांची खात्री पटेल, हाच त्यातला धोका. त्याच पैशांत वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांशी बोलून ऑक्टोबरअखेर, वहाळ वाहता असतानाच, रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घाला. डिसेंबरात घातलेला बंधारा कोरड्या वहाळात फोटोपुरता उरतो. वेळेवर अडवलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरीतल्या गोड्या थराला वरून टेकू देत राहतं. मार्चचा आकडा एप्रिलवर ढकलला गेला तरी महिना वाचला.

दुकानातल्या मालाबद्दल थोडक्यात. जिप्सम मीठ काढत नाही. चिकणमातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सोडवून तिथे कॅल्शियम बसवणं हे त्याचं काम, आणि सुटलेलं सोडियम वाहून न्यायला पाणी लागतंच. सामू (पीएच) ८.५ च्या वर गेलेल्या चोपण जमिनीत त्याचा उपयोग होतो. तुमच्या वाळूला त्याची गरज नाही, उलट तेही एक क्षारच आहे. वाडीच्या सखल कोपऱ्यात पाणी तुंबणारी चिकट माती असेल तर तिचा नमुना मृदा प्रयोगशाळेत देऊन सामू, ईसी आणि विनिमयक्षम (कणांना चिकटलेल्या) सोडियमचं प्रमाण विचारा, मग ठरवा. ‘खार काढणारं औषध’ घेऊ नका. पाण्यात विरघळलेलं मीठ पुडी टाकून नाहीसं होत नाही. घरातला वॉटर सॉफ्टनर तर कॅल्शियम काढून सोडियम घालतो. आरओ मीठ खरंच काढतो, पण आत घेतलेल्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास दुप्पट खारट होऊन बाहेर पडतं, आणि ते ओतायला तुमच्याकडे जागा एकच, तीच वाडी.

आता पाणी द्यायचं कसं. रोज संध्याकाळी आळं जरा भिजवून सोडायची तुमची पद्धत खाऱ्या पाण्याला सगळ्यात वाईट. थोडकं पाणी वरच्या वीतभरात अडकतं, उडून जातं आणि मीठ नेमकं मुळांच्या दाटीत ठेवतं. सोसेल अशा मर्यादेत माती ठेवायची तर थोडं पाणी मुळांच्या खाली निसटलंच पाहिजे. त्याचं सूत्र आहे : पाण्याची ईसी भागिले, मातीच्या सोसणाऱ्या ईसीच्या पाचपटीतून पाण्याची ईसी वजा केलेली संख्या. पोफळीसाठी मातीची मर्यादा ३ धरली, तर मार्चमध्ये २.८ भागिले १२.२, म्हणजे दिलेल्या पाण्यातलं २३ टक्के खाली जायला हवं. १८ लिटरच्या जागी रोजचे २३ झाले. ते एका दिवसाआड ४६ लिटर असे द्या, सूर्य मावळल्यावर, पूर्ण आळ्यात. मेमध्ये हेच सूत्र ४४ टक्के सांगतं, म्हणजे रोजचे ३२ लिटर. तिथे थांबा. तितका उपसा केलात तर विहीर आणखी खारट होईल, मग सूत्र आणखी जास्त मागेल. मेमध्ये धुण्याचा नाद सोडायचा आणि झाड फक्त जगवायचं. दिवसाआड ३५ लिटर, त्याहून नाही.

जगवण्यासाठी आच्छादन पाण्याइतकंच मोलाचं आहे. आळ्यात वीतभर जाड पालापाचोळा, वर झावळ्या. सोडणं (नारळाची काथ्याची सालं) वापरायची तर उपडी, सालीकडची बाजू वर करून ठेवा. काथ्यासाठी खाडीत कुजवलेल्या सोडणांचा भुसा मात्र धुतल्याशिवाय आणू नका, त्यात मीठ मुरलेलं असतं. बादलीत भिजवून निथळलेलं पाणी मोजा, पाचशेच्या खाली येईपर्यंत धुवा. ठिबक लावणार असाल तर एका पोफळीला एकच ड्रीपर नको. ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरी रेघ दिसते, ती मिठाची. खोड त्या वर्तुळाच्या मध्यावर यावं असे तीन-चार ड्रीपर गोलात ठेवा. आणि पानांवर पाणी उडवू नका. मुळांना जे सोसतं ते पानांना सोसत नाही.

कलमांना मुळात उन्हाळाभर पाणी कशाला देता? मोठं हापूस कोकणात पावसावर जगतं. फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं असताना पंधरा दिवसांच्या अंतराने दीड-दोनशे लिटर, अशा तीन पाळ्या दिल्या की गळ कमी होते. या पाळ्या शक्य तितक्या गोड्या पाण्याच्या असाव्यात. मार्च उलटल्यावर मचूळ पाणी पाजण्यापेक्षा न पाजलेलं बरं.

गोडं पाणी कुठून आणायचं, तर छपरावरून. शंभर चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटरची एक सर पडली की अडीच हजार लिटर. साठवायची टाकी महाग, म्हणून साठ पोफळींची चार महिन्यांची तहान, म्हणजे लाखावर लिटर, त्यातून भागणार नाही. पाच-दहा हजार लिटर साठवा आणि ते विहिरीत मिसळून सगळ्यांना सारखं वाटू नका. रोपं, नव्याने रुजणारं बी आणि कलमांची एखादी पाळी, यांनाच ते निखळ द्या. बहुतेक झाडं बालपणी सगळ्यात नाजूक असतात. टँकर मागवलात तर पाणी टाकीत पडण्याआधी मीटर बुडवा. टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते टँकरवाला नेहमीच सांगतो असं नाही.

भाजीचं वेळापत्रक बदललं की निम्मा प्रश्न सुटतो. मिरची, वांगं, मुळा, गाजर, कांदा, घेवडा ही सगळी खाऱ्याला कच्ची. ती ऑक्टोबरात लावून फेब्रुवारीपर्यंत उरका. वाल तर तुमच्याकडे भातानंतरच्या ओलीवरच होतो, पोपट्या (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागतात तोवर विहीर त्यातल्या त्यात गोडी असते. मार्चनंतर हात स्वस्थ बसत नसतील तर चवळी, बीट, पालक लावा. बी वरंब्याच्या डोक्यावर टोचू नका, बगलेत टोचा. ओल वर चढते तसं मीठ डोक्यावर गोळा होतं.

खतांबाबत एकच बदल. फेब्रुवारी ते मे रासायनिक खत आणि कच्चं शेण, कोंबडीखत बंद. तेही क्षारच आहेत. वाढलेल्या पोफळीला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश आणि बारा-बारा किलो हिरवा पाला व कंपोस्ट अशी शिफारस आहे. म्हणजे सुमारे २२० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी २८० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. म्युरेट स्वस्त आहे, पण त्याचा जवळपास निम्मा भाग क्लोराइड. माडांना ते खुशाल घाला. पोफळीला निम्मं खत पावसाने आळी नीट धुतल्यावर जूनच्या अखेरीस आणि निम्मं सप्टेंबरात.

सुपारी काढायचा निर्णय मेमध्ये घेऊ नका. मेमधली पोफळ तिच्या वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत असते. आत्ता प्रत्येक झाडाच्या सर्वांत नव्या उघडलेल्या पानाच्या देठाला रंगाची खूण करा. नोव्हेंबरात त्या खुणेच्या वर किती पानं आली आणि ती टोकापर्यंत हिरवी आहेत का, ते बघा. निरोगी पोफळ वर्षाला सहा-सात पानं काढते, त्यामुळे सहा महिन्यांत तीन स्वच्छ पानं आली असतील ती झाडं ठेवा. एक-दोनच आली, तीही करपट, तर ती काढून तिथे माड किंवा चिकू लावा. चिकू खारं बऱ्यापैकी सोसतो. बहुधा समुद्राकडच्या एक-दोन ओळी जातील, साठच्या साठ जाणार नाहीत. त्याच कडेला उंडीची झाडं लावून ठेवा. खारा वारा ती अंगावर घेतात.

आणि जूनचा पहिला पाऊस. आळ्यांच्या कडेला साचलेलं मीठ वळवाच्या एखाद्या हलक्या सरीने विरघळून मुळांच्या मध्यावर येतं. ‘पाऊस झाला, पंप बंद’ म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि दोन दिवसांत झाडं माना टाकतात. एकूण पन्नास ते शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पाण्याची पाळी चुकवू नका. सर पडत असली तरी आळं भरून पाणी सोडा, म्हणजे ते मीठ आत न येता खाली जाईल. पाऊस मोजायला अंगणात सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टी बुडवून आकडा मीटरच्या आकड्यांशेजारी कॅलेंडरवर लिहा.